त्रेसष्ट टक्के

त्रेसष्टवर येतो आणि थांबतो.
चौसष्ट म्हणत नाही, चुकलं म्हणत नाही,
नुसता ढिम्म.
पंखा फिरतोय, म्हणजे जीव आहे.

चियातुराच्या दवाखान्यात, नोंदणीच्या खिडकीमागे,
खाणीच्या बंद कचेरीतून आलेला हा संगणक,
फटींतून अजून मँगनीजची काळी भुकटी झडते.
सोमवारी रांग लागेल.
त्सिउरी डॉक्टरीणबाई म्हणाल्या होत्या, मनाना, सोमवारपर्यंत हं.
आज शनिवार. रात्रीचे दहा.

आधी वाटलं, पेनड्राइव्ह खराब.
शेजारच्या पोराने गाण्यांवर पाणी सोडलं, त्याचा घेतला, पुसला, भरला.
त्रेसष्ट.
मागचा पोर्ट. पुढचा पोर्ट. त्रेसष्ट.
झाकण उघडलं. मेमरीच्या दोन पट्ट्या,
एक काढली, खोडरबराने तिचे दात घासले,
लावली, दुसरी काढली.
एकदा बासष्टवर अडला, तेव्हा मला उगाचच आनंद झाला,
काहीतरी बदललं म्हणून.
रंग कमी केले. डिस्क तासभर तपासली, एक डाग नाही.
फाइलची बेरीज ताडून पाहिली,
शेवटच्या अक्षरापर्यंत जुळली.
सगळं ठीक आहे,
हेच तर वाईट.

वडील मक्याची भाकरी आणि राजम्याचं कालवण घेऊन आले
आणि गेलेच नाहीत.
एकतीस वर्षं रोपवेच्या खालच्या ठाण्यात काढलेला माणूस,
अडकलेलं काही दिसलं की त्यांचा पाय निघत नाही.
"हलवलंस का त्याला?"
"नाही."
"बरं केलंस. अडकलेला पाळणा हलवायचा नसतो.
आतली माणसं हलवतात, भीती तेवढी वाढते.
बिघाड तिथे नसतोच."

मग ती गोष्ट. पाठ आहे मला:
टंचाईचा हिवाळा, पाळणा दरीवर मधोमध,
आत सुईण नाझिब्रोला आणि पिशवीत एक कोंबडा,
चार तास.
पण आज त्यांनी पुढचं सांगितलं,
की त्या दिवशी वीज होती. दोर शाबूत होता.
मधल्या खांबाआधी खालून घंटा द्यायची,
वरून घंटा आली की चाक सोडायचं, असा नियम.
आणि वरचा ग्रिशा
त्याच दुपारी टोपी खुंटीला ठेवून गाव सोडून गेला होता,
कुणाला न सांगता.
"मी आपला घंटा देतोय. देतोय.
नियम म्हणजे नियम."

भाकरी मोडता मोडता त्यांनी पडद्याकडे पाहिलं.
"हा कुणाच्या घंटेची वाट बघतोय?"

मी टेबलामागे वाकले.
भिंतीतून आलेली निळी वायर, टोकाशी हिरवी बत्ती लुकलुकती,
जणू पलीकडे कुणी आहे.
बिल मार्चपासून थकलेलं.
आत सगळं हाताशी असून हा बापडा
कुठल्याशा दूरच्या सर्व्हरला विचारत बसला होता,
माझ्याहून नवं काही आलंय का?
नाही म्हटलं असतं कुणी, तर पुढे गेला असता.
कुणी नाही म्हणत नव्हतं.

उपटली वायर.
पाच मोजले. सहा. सात.
चौसष्ट.

वडील काही बोलले नाहीत,
कालवणाचं झाकण तेवढं लावलं.
एक्याऐंशीवर त्यांचा डोळा लागला, डोकं नोंदणीच्या खिडकीला,
जिथे सोमवारी लोक नाव सांगतील.

दीड वाजता त्याने शहर विचारलं.
यादीत चियातुरा नव्हतं. त्बिलिसी होतं.
"चालेल," वडील डोळे न उघडता म्हणाले,
"घड्याळ तर एकच आहे."

मग शंभर. मग पुन्हा सुरू करा.
आणि पेनड्राइव्ह काढायला मी विसरले,
तर तो काहीच घडलं नसल्यासारखा
प्रसन्न निळ्या पडद्यावर म्हणाला,
स्वागत आहे.
भाषा निवडा.