जमिनीतून हाक

उदयश्रीनं ते टॉवेलच्या खोक्यातून आणलं.
खोक्यावर छापलेलं : एक्स्पोर्ट क्वालिटी.
आत दोन महिन्यांचं पांढरंफेक पिल्लू,
पंजे मात्र बापाच्या चपला घातल्यासारखे.
बुली आहे, म्हणाली. एका वेताची आठ.
सात विकली गेली. याला ऐकू येत नाही,
म्हणून होटगी रोडला बंद धाब्यामागं सोडून गेले.

मी विड्या वळत होते. सुपातून मान वर न काढता म्हणाले,
एक बहिरा आहे की घरात, आणखी एक कशाला?
मल्लेशम समोरच बसलेले.
त्यांना ऐकू गेलं नाही.
म्हणूनच तर म्हणाले.

डॉक्टर करजगीकरांनी कानामागं टाळी वाजवली,
किल्ल्यांचा जुडगा वाजवला, स्टीलचा ट्रे आपटला.
पिल्लू त्यांच्या बुटाची नाडी चघळत राहिलं.
चाळीस किलोचा होईल बाई हा, म्हणाले,
आणि दचकला तर चावेल, त्यात त्याचा दोष नसेल.
झोपेत मागून हात लावायचा नाही.
नाकापुढं मूठ धरायची, वास जाऊ द्यायचा.
समोरून यायचं. कायम समोरून.

गुंडला काकू दारातूनच : वाघ पाळताय का वो घरकुलात?
पोरं खेळतात इथं.
मला उत्तर सुचलं नाही.
त्या रात्री साखळीला दुसरं कुलूप लावलं
आणि तीनदा उठून बघितलं,
साखळी आहे का, आणि तो आहे का.

नावावरून भांडण झालं.
ज्याला ऐकायचंच नाही त्याला नाव कशाला, मी म्हणाले.
तेव्हा मल्लेशमनी हवेत दोन बोटं
डावीकडून उजवीकडं सर्रकन नेली.
धोटा.
पिल्लानं मान वळवली.
मग ते दाखवतच सुटले :
दोरा तुटला, बॉबिन संपली, चहा, मुकादम आला, पळ.
एकतीस वर्षं लूमच्या धडधडाटात माणसं अशीच बोलली.
मला यातलं एक अक्षर माहीत नव्हतं.
माझ्याशी संसार केला तो फक्त तोंडाच्या भाषेतला,
हातांची भाषा डब्याबरोबर कारखान्यात जायची
आणि डबा तेवढा परत यायचा.

आता मीही शिकले.
फरशीवर टाच आपटली की हाक जाते,
पंजांतून वर, पोटापर्यंत.
रात्री बॅटरी दोनदा चमकवली की जेवण.
अंगठा वर केला की शाब्बास.
माझ्या जोडव्यांखाली आता घट्टा पडलाय.

एप्रिलातली दुपार, चव्वेचाळीसचा पारा.
ओल्या फरशीवर दोघं आडवे, पाठीला पाठ.
मल्लेशमना उठवायचं होतं.
अकरा वर्षं मी स्वयंपाकघरातून ओरडत आले,
मग खांदा गदागदा हलवायचा,
मग ते दचकून शिवी घालायचे, मग दिवस नासायचा.
त्या दिवशी का कोण जाणे,
पुढं जाऊन उकिडवी बसले
आणि त्यांच्या नाकापुढं हात धरला.
डोळे उघडले. दचकले नाहीत.
तंबाखूचा वास आला, म्हणाले, तू आहेस.
धोटाही जागा झाला होता,
माझ्या तळहाताकडं बघत.

चावला का कधी? एकदा. मलाच.
माझीच चूक होती, घाईत मागून गेले होते.
चार टाके. गुंडला काकूंना सांगितलं, विळी लागली.

गड्ड्याच्या दारूकामाच्या रात्री
गल्लीतली सगळी कुत्री खाटांखाली शिरलेली.
हे दोघं स्लॅबवर, तोंडं वर करून,
दोघांच्या तोंडावर हिरवा उजेड, मग तांबडा.
त्यांच्या आभाळात सगळं न बोलता फुलत होतं.
मी एकटीच कानांत बोटं घालून.

थंडी वाढली तशी चहा करू का विचारावं वाटलं.
टाच आपटली.
दोघांनी वळून बघितलं.