एकवीस आवया

अठ्ठावीस टाक्या, सात खाद्यं, नव्वद दिवस.
मार्युनने मासे एकेक करून तोलले
हातमोज्यातून गारठा हाडात उतरेपर्यंत,
आणि रॉग्वीने वजनं लिहिली शिसपेन्सिलीने,
शाई इथल्या हवेत पसरते म्हणून.

‘सहावं खाद्य,’ रॉग्वी म्हणाला, ‘डोळ्यांना दिसतंय की.
दुसऱ्यापेक्षा मासा बोटभर जाड.’

दिसत होतं खरं.
तिने सगळ्या जोड्या लावून पाहिल्या,
सातांच्या एकवीस.
विसांत काही नाही.
एकीत: शंभरात तीन.
म्हणजे फरक मुळात नसता, तरी
शंभरातून तीनदा एवढा दिसलाच असता.
खाद्यवाल्याचा फोन दोनदा येऊन गेला.

कावळा बसला नि फांदी तुटली, म्हणावं
तर या फॅरो बेटांवर झाडं कुठली.
तिने त्याला त्याच्याच आजोबांचं विचारलं.

आजोबा कड्यावर बसायचे, देवमाशांचा कळप हेरत.
दिसला की हाक, हाकेला हाक,
सगळं गाव होड्यांत.
‘कधी चुकायचे?’
‘समुद्र रिकामा असला की, विसांत एखादा दिवस.
लाटेची पाठही काळीच असते.’
‘आणि एकवीस कड्यांवर एकवीस आजोबा बसवले तर?’

रॉग्वीने पेन्सिल कानामागे खोचली.
‘तिनातले दोन दिवस होड्या फुकट.
महिन्याभरात खऱ्या हाकेलाही कुणी कूस बदलणार नाही.’

म्हणून प्रत्येक कड्याला दम द्यायचा.
शंभरातल्या पाच चुकांची मुभा
एकवीस जणांत वाटायची;
वाट्याला येते पाव चूक, तीही कशीबशी.
सहाव्या खाद्याचे तीन त्यात मावत नाहीत.

‘आणि खरा कळप निघून गेला तर? धुक्यातून?’

याला सूत्र होतं. तिने ते सांगितलं नाही.
‘जातो,’ ती म्हणाली. ‘असा दम दिला की जास्तच जातो.’

अहवालात लिहिलं: फरक सिद्ध झाला नाही.
फरक नाही, असं लिहिलं नाही.
खाद्यवाल्याला ही दोन वाक्यं एकच वाटली.

मग कोऱ्या पानावर, अंडी फुटायच्या आधी,
तारीख घालून:
अठ्ठावीसच्या अठ्ठावीस टाक्या, खाद्यं दोनच.
दुसरं, सहावं. प्रश्न एक.
खाली दोघांच्या सह्या, पेन्सिलीने.

आता रॉग्वी रोज संध्याकाळी खाद्य टाकतो
आणि ती दारात उभी असते:
सहाव्याच्या टाकीवर
त्याची मूठ जरा मोठी होते का, बघत.