बोटीचं नाव

ग्रिम्सबीत, मासळीबाजारामागच्या हॉलमध्ये
दर शनिवारी आमच्या कुस्त्या लागायच्या,
आणि कोण कुणाला चीत करणार
हे मी गुरुवारीच वहीत लिहून ठेवलेलं असायचं.

क्लिफर्ड ऑलर्टन. बर्फाच्या कारखान्यात कामाला.
सहा फूट तीन इंच, स्वभावानं लोणी.
त्याला शिव्या घालायला कुणी तिकीट काढेना,
टाळ्या वाजवायलाही नाही.
मालक म्हणाला, ह्याला एखादं दुःख दे.

मी दिलं.
एक धाकटा भाऊ दिला, वॉल्टर,
एकोणीस वर्षांचा, उजव्या भुवईवर खोक,
आइसलंडच्या बाजूला मासेमारीला गेलेला, न परतलेला.
बोटीचं नाव मात्र दिलं नाही.
नाव दिलं की कुणीतरी तपासतं;
नाही दिलं की लोक आपणहून भरतात रिकामी जागा.
वीस वर्षांचा धंदा आहे माझा, एवढं कळतं.

क्लिफर्ड म्हणाला, "पण मी एकुलता एक आहे."
म्हटलं, शनिवारपासून नाहीस.

पहिल्या शनिवारी माइक हातात धरून तो अडखळला,
"आमचा वॉल्टर..." एवढंच बोलला
आणि पाठ केलेलं पुढचं सगळं विसरला.
हॉलमध्ये खुर्ची सरकल्याचासुद्धा आवाज नाही.
पडद्यामागे मी मूठ आवळली :
डाव लागला!

मग खलनायक आणला. काळा मुखवटा, नाव हार्बरमास्टर.
त्यानं रिंगमध्ये वॉल्टरची टोपी तुडवली,
टोपी माझ्या मेहुण्याची,
आणि तिसऱ्या रांगेतल्या एका बाईनं उठून
विणकामाची सुई त्याच्या पोटरीत खुपसली.
आत पट्टी बांधून घेताना तो हसत होता,
म्हणाला, आता पगार वाढवा.

शेवटचं प्रकरण उरलं होतं :
मुखवटा उतरतो, आणि आत वॉल्टर!
जिवंत. भावावर उलटलेला.
भुवईवरची खोक कशानं रंगवायची तेही ठरलं,
पोस्टरं छापून झाली.

त्या बुधवारी सुईवाली बाई मागच्या दाराशी आली.
ईनिड ब्लँचर्ड. हातात जाड लोकरीचे मोजे.
मला ओलांडून सरळ क्लिफर्डपाशी गेली.
"तुझा वॉल्टर आमच्या आर्थरच्या बोटीवर होता.
पत्रात लिहायचा ना आर्थर,
स्वयंपाक्याच्या हाताखाली एक पोरगा आहे,
रात्रभर कुडकुडतो.
त्याच्यासाठी विणायला घेतले होते.
बोटीची बातमी आली तेव्हा एकच पुरा झाला होता.
दुसरा आत्ता केला."

बोटीचं नाव तिनंही घेतलं नाही.

क्लिफर्डनं माझ्याकडे पाहिलं.
मी वहीकडे.
तो बाकावर बसला, बूट काढले,
आणि मोजे घालायला लागला. टाच आत जाईना.
रेटून, दात आवळून, घातले.
"बरोब्बर बसले," म्हणाला.

शनिवारी हॉल खच्चून भरला.
अठराव्या मिनिटाला, ठरल्याप्रमाणे,
मुखवट्याची नाडी त्याच्या बोटांत आली.
एक गाठ सुटली. दुसरी सुटेना,
का त्यानं सोडली नाही, मला अजून माहीत नाही.
तिसऱ्या रांगेकडे बघत तो नुसता उभा राहिला.
मग सुटलेली गाठही पुन्हा बांधली,
लहान पोराच्या बुटाची बांधावी तशी, सावकाश,
आणि दोरांखालून वाकून निघून गेला.

लोकांनी छत डोक्यावर घेतलं. पैसे परत मागितले.
मालकानं माझा दंड धरला,
"हे लिहिलं होतंस?"

रात्री उशिरा वही उघडली.
निकालाच्या रकान्यात लिहिलं, बरोबरीत सुटली.
खोडलं.
शेऱ्याच्या रकान्यात आजवर कधीच काही भरलं नव्हतं.
तिथे लिहिलं :
मोजे लहान.