ळ

एजी ऑफिसात चौतीस वर्षं
दुसऱ्यांच्या आकड्यांखाली लाल रेघ मारली.
आता गळ्याला भोक, भोकावर जाळी,
आणि त्याच गळ्यात दोरीनं अडकवलेली
नातवाची पाटी.

गुरुवारी अकराला, पहाडीवरच्या इस्पितळात,
डे-केअरच्या मागे, स्टोअरच्या शेजारी
शाल्मली खुर्च्या गोल मांडते.
एक ओळ लिहा म्हणते. काहीही.
पहिल्या दिवशी मी पाटीवर लिहिलं,
कवितेनं गाठ विरघळते का?
तिनं वाचलं. नाही, म्हणाली.
मग?
मग काही नाही, काका. गुरुवार जातो.

उत्तर पटलं. ऑडिटला चालण्यासारखं होतं.

तर लिहिली ओळ :
सकाळी नळाखाली डोळे धुताना
माझा जुना आवाज अजून गुळण्या करतो.

वाचणार कोण?
कागद उजवीकडे सरकला,
भिंडच्या कटोरीदेवीकडे.
चौथीपर्यंत शाळा, डावी बाजू सपाट,
डोक्याला सुनेची ओढणी.
अक्षरं तिचीच की, देवनागरी;
बोट ठेवत ठेवत निघाली,
अंधारात जिना उतरावा तशी,
आणि पहिल्याच शब्दात अडली.
"भाईसाब, जे कौन सो अच्छर है?
दो लड्डू जुड़े धरे हैं."

सगळे हसले. सलाइनचा स्टँडसुद्धा हलला.
मी तोंड उघडलं. जीभ वळवून टाळूला लावली,
अशी. इथे.
आवाज नाही, नुसती हवा, तीही जाळीतून.
तिनं वाकून माझ्या तोंडात पाहिलं,
डॉक्टर पाहतात तसं नव्हे,
शाळेत शेजारच्याच्या पाटीत पाहतात तसं.

मग वाचलं.
सकाली. नलाखाली. डोले.
आणि गुलण्या.

लष्करच्या गल्लीत, सगळीकडे हिंदी,
तिथे आईनं कानाखाली वाजवून
घोटून घेतलेला माझा ळ.
हात खिशाकडे गेला. लाल पेन होतंच.

नाही मारली रेघ.
माझी ओळ भिंडच्या गळ्यातून निघाली होती,
एका अक्षरानं लंगडी,
पण ऐकू येत होती. मलासुद्धा.

पुढच्या गुरुवारी तिची खुर्ची रिकामी.
त्याच्या पुढच्या गुरुवारी आली,
ओढणी सैल, मनगटावर नवी पट्टी.
बसायच्या आधीच म्हणाली, "सुनो.
डोड़े."

मी पाटी पुसली. लिहिलं,
जवळ.

तिनं बोट ठेवलं.