काटा

उचगावात समुद्र नाही.
पण कलावतीआक्कांच्या सोप्यात, कॅलेंडरशेजारी,
जहाजावरचा पितळी बॅरोमीटर आहे,
कोचीहून दोन लुगड्यांत गुंडाळून आणलेला.

बटाटे काढायचे असले की
शेजारचा बसाप्पा उंबऱ्यातूनच विचारतो,
"आक्का, काटा एन म्हणतोय?"
त्या नखानं काचेवर टिचकी मारतात,
कमांडरसाहेब मारायचे तशी,
आणि सांगतात, "परवापर्यंत थांब."

एकोणनव्वद वर्षं. अकरा क्वार्टर्स.
नवऱ्याची पत्रं यायची, नंतरचं आधी, आधीचं नंतर.
मुलाचा फोन येतो. कुठं आहे, सांगत नाही.

रात्री बॅटरी घेऊन त्या उठतात,
टिचकी मारतात.
काटा हलत नाही.
तो इथलीच हवा सांगतो,
हे त्यांना कुणी सांगायला नको.

तरी आणखी एकदा मारतात.