निर्लेखन

पेठहून खैरनार साहेब आले मोटारसायकलवर.
हातोडीने भिंत तीनदा ठोकली,
गिलाव्याचा पोपडा पडला तो बुटाने बाजूला सारला
आणि म्हणाले, मॅडम, ही खोली संपली.
पाचवीतली यमुना भोये उभी राहिली:
सर, अजून मधली सुट्टीपण नाही झाली.

खोली संपवायला मग अकरा महिने लागले.
समितीचा ठराव. सात सह्या, चार अंगठे.
सीताराम गावितांनी अंगठा दिला
आणि शाई त्याच भिंतीला पुसली.
चारही बाजूंचे फोटो, अक्षांश-रेखांशासकट
(रेंज टेकडीवर येते; टेकडीवरून खोली दिसत नाही).
लांबी, रुंदी, छताचा प्रकार,
घसारा वजा जाता मूल्य: निरंक.
कोणी बांधली, असा रकानाच नव्हता.
असता तरी जागा पुरली नसती.
दमणगंगेतून डोक्यावर दगड आणणाऱ्या बायांतली शेवटची,
झिपरीबाई, परवापरवापर्यंत
आमची खिचडी शिजवत होती.

मग कागद आला.
सदर वर्गखोली निर्लेखित करण्यात येत आहे.
म्हणजे ती नाही.
कुलूप आहे, किल्ली माझ्या पर्समध्ये आहे,
खिडकीतून फळ्यावरची तारीखसुद्धा वाचता येते,
पण खोली नाही.
पाडत का नाहीत, तर पाडायचा निधी
दुसऱ्या लेखाशीर्षातून येतो.

आम्ही मारुतीच्या मंडपात बसतो.
शनिवारी कोणी नारळ फोडायला आलं
की सतराचा पाढा थांबतो,
खोबरं वाटून होतं,
मग सतरा पंचे.

नव्या दोन खोल्या मंजूर आहेत.
एकतीस मार्चच्या रात्री अकरा वाजता
स्क्रीनवर पैसे दिसले होते,
शेवाळे भाऊसाहेब आईची शपथ घेऊन सांगतात.
बाराला परत गेले.
तासभर आमचा पाडा श्रीमंत होता
आणि आम्ही सगळे झोपलेलो.

नाशिकला जाऊन आले. पहाटेची एसटी,
त्र्यंबक नाक्यावर उतरून चालत.
ऑफिसात नव्या फरशा बसवत होते,
ओल्या सिमेंटवरून फळीवर तोल सांभाळत
टेबलापर्यंत पोचले.
पट किती? तेवीस.
थांबा थोडं, ते म्हणाले, वाईट हेतू नव्हता त्यांचा,
वीसच्या खाली आला की खोलीचा प्रश्नच राहत नाही.

पटावर तेवीस. मंडपात चौदा.
बाकीची दिंडोरीत, आईबापांबरोबर,
द्राक्षाच्या छाटणीला.
त्यांची नावं मी रोज घेते,
गैरहजर म्हणायला कोणी तरी
मागून ओरडतं: बागेत!
माझ्याही वहीत अशा खोल्या आहेत.

घंटा मात्र तिकडेच राहिली.
रुळाचा तुकडा, पडवीच्या तुळईला टांगलेला.
डेडस्टॉकला इमारतीसोबत नोंदलाय, हलवता येत नाही,
आणि तुळईखाली जायला लेखी मनाई आहे.
मी दोरी ओढून रेघ मारली, बारा फुटांवर.
हिरामण गावित रेघेबाहेर उभा राहतो,
एक डोळा मिटतो,
खडा मारतो.
लागला तर साडेदहा.

आज तिसऱ्या खड्याला शाळा भरली.