सांधा

तासगावचे सुभेदार खंडागळे मिरजेत आले,
गोणपाटातून सोडवून तिला
माझ्या सतारींच्या रांगेत उभी केली.
बोल्ट मात्र त्यांच्याच खिशात.
विलायतेहून आलेली; कुणा शिकाऱ्यानं
पुढचं लाकूड अर्ध्यावर कापून,
चकचकीत वार्निश मारून नटवलेली.
"हिला परत पलटणीत घ्यायचंय."

पणजोबा तलवारी पाजळायचे,
आजोबांनी तारा लावल्या.
मी अक्रोड जोडला,
सांधा पितळी कड्याखाली दडवला,
जवसाचं तेल सात दिवस
तळहातानं जिरवलं.

वार्निश खरवडताना दस्त्यावर
चाकूच्या चार रेघा निघाल्या,
पाचवी अर्धीच.
"घासू नका," सुभेदार म्हणाले,
मग बराच वेळ गप्प.

नवं लाकूड फिकटच राहिलं.
मी रंगाची बाटली उघडली,
तर हात धरला त्यांनी:
"राहू द्या. रंगरूट आहे.
उन्हात उभं राहिलं की होईल काळं."